आर्ट थेरपीत चित्राचं नेमकं काय करतात?

शाळेतल्या समुपदेशक ताईंना पालक हमखास विचारतात असा एक प्रश्न आहे. "मॅडम, यानं घर काढलं, पण दारच नाही काढलं. काही प्रॉब्लेम आहे का?" सोबत व्हॉट्सअॅपवरून आलेलं ज्ञानही असतं. काळा रंग म्हणजे नैराश्य, मोठे डोळे म्हणजे संशय, झाडाला मुळं नाहीत म्हणजे असुरक्षितता. चित्र बघून मनातलं ओळखणं म्हणजे आर्ट थेरपी, अशी बऱ्याच जणांची समजूत आहे. काहींची समजूत अगदी दुसऱ्या टोकाची. रंगवलं की डोकं शांत होतं, मग मंडलांचं पुस्तक आणि स्केचपेनचा डबा आणला की झाली थेरपी घरच्या घरी. दवाखान्यात आणि वस्तीत प्रत्यक्ष जे चालतं ते या दोन्हींपेक्षा बरंच वेगळं असतं, आणि बघणाऱ्याला कंटाळा येईल इतकं संथही.

आधी त्या दाराचं बघू. चित्रातल्या खुणांवरून स्वभाव ताडायच्या चाचण्या खरोखरच आहेत. घर, झाड आणि माणूस काढायला सांगणारी चाचणी जॉन बक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये मांडली आणि ती आजही वापरात आहे. पण 'अमुक खूण म्हणजे तमुक दोष' अशा ठोकळेबाज अर्थांना संशोधनाचा आधार फारच तोकडा आहे. दार राहून गेलं असेल, तास संपला असेल, शेजारच्या मुलानंही काढलं नसेल, किंवा हाताशी तपकिरी खडूच नसेल.

आर्ट थेरपिस्ट अशा वेळी अर्थ सांगत बसत नाही. ती विचारते, "या घरात आत कसं जायचं?" आणि गप्प राहते. एक मूल म्हणेल, "दार मागे आहे, इथून दिसत नाही." दुसरं म्हणेल, "बाबा झोपलेत, म्हणून बंद केलंय." तिसरं काहीच बोलणार नाही, पण खडू उचलून दार काढेल आणि त्यावर एक भलंमोठं कुलूप. पहिल्या उत्तरावर काही करायची गरज नाही. दुसऱ्यावर बाबांबद्दल लगेच उलटतपासणी सुरू केली तर मूल मिटून जाईल. तिसऱ्यात कुलपाची किल्ली कोणाकडे आहे असं विचारता येतं, चित्रातल्याच गोष्टीबद्दल बोलत राहता येतं. मुलाला स्वतःच्या घराबद्दल थेट काही सांगावं लागत नाही आणि तरी काहीतरी सांगितलं जातं. चित्र असं दोघांच्या मध्ये ठेवलेलं असणं, त्याच्याकडे दोघांनी मिळून बघणं, हाच या उपचाराचा गाभा.

मोठ्या माणसांचं सेशन कसं असतं? एकट्याचं साधारण पन्नास मिनिटांचं, गटाचं दीड तासापर्यंत. खोलीत पाण्याची सोय, खराब झाली तरी चालेल अशी फरशी, मोठं टेबल आणि प्रत्येकाचे कागद ठेवायला कुलपाचं कपाट. सुरुवातीला बहुतेक सगळे एकच वाक्य बोलतात, "मला चित्रकला येत नाही हो." महाराष्ट्रात तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांनी 'हात चांगला' आणि 'हात वाईट' अशी माणसांची वाटणी शाळेतच करून टाकलेली असते. स्थिरचित्रातला तांब्या ज्यांना जमला नाही त्यांनी पुढे चाळीस वर्षं हातात ब्रश धरलेला नसतो. इथे तांब्या काढायचाच नसतो. रेघोट्या चालतात, फाडलेले कागद चिकटवलेले चालतात, कोरा कागद परत दिला तरी चालतं.

मग काही वेळ माणूस काम करतो आणि थेरपिस्ट जवळ बसून राहते. हे बसणं रिकामं नसतं. कुठे हात थांबला, काय खोडलं, कागदाचा कुठला कोपरा टाळला, रंग बोटांना लागल्यावर लगेच पुसले का, हे ती बघत असते. शेवटची दहा-पंधरा मिनिटं कागद भिंतीला लावून किंवा टेबलाच्या पलीकडे ठेवून दोघंही लांबून बघतात. "आता इथून कसं वाटतंय?" बनवताना न दिसलेलं लांबून दिसतं, असा अनुभव बऱ्याच जणांना येतो. मग कागद फोल्डरमध्ये जातो. तीन महिन्यांनी सगळे कागद जमिनीवर ओळीनं मांडले की आपण दर वेळी स्वतःला कागदाच्या खालच्या कडेला चिकटवून काढत होतो आणि अलीकडे मध्यभागी सरकलोय, हे त्या माणसाला स्वतःलाच दिसतं. बोलण्याच्या थेरपीत असं मागे जाऊन बघायची सोय नसते.

साहित्याची निवड हा यातला सगळ्यात कौशल्याचा आणि बाहेरच्यांना अजिबात न दिसणारा भाग. पेन्सिल, पट्टी आणि लहान कागद दिला की हातावर ताबा राहतो, मनावरही राहतो. ऑइल पेस्टल जरा मोकळं, जोर लावता येतो. ओल्या कागदावर जलरंग सोडला की तो स्वतःच्या मर्जीनं पसरतो. सगळं घट्ट धरून ठेवणाऱ्या माणसाला ते सैल करू शकतं, पण आधीच वाहवत चाललेल्या माणसाला घाबरवू शकतं. माती तर थेट हाताला भिडते. ती थापता येते, ठोकता येते, मोडून पुन्हा गोळा करता येतो, आणि कधी अगदी लहानपणीचं काहीतरी अनपेक्षितपणे वर काढते. म्हणून नुकताच मोठा आघात झालेल्या माणसासमोर पहिल्याच दिवशी मातीचा गोळा किंवा पातळ रंग ठेवणं शहाणपणाचं नसतं. मासिकांतली कात्रणं चिकटवण्यापासून सुरुवात करतात, किंवा कागदावर आधी एक जाड चौकट आखायला सांगतात, म्हणजे जे येईल ते चौकटीत राहील. सँड्रा कॅगिन आणि विजा लुसेब्रिंक यांनी १९७८ मध्ये या सगळ्याची पद्धतशीर मांडणी केली. हाताची हालचाल आणि स्पर्श ही एक पायरी, आकार आणि भावना ही दुसरी, विचार आणि प्रतीकं ही तिसरी. माणूस कुठल्या पायरीवर अडकलाय ते बघून साहित्य बदलायचं. हे वाचायला कोरडं वाटतं, पण रंगांचा डबा समोर ठेवून "मनात येईल ते काढा" म्हणणारी कार्यशाळा आणि थेरपी यांतला फरक बराचसा इथेच आहे.

'आर्ट थेरपी' ही संज्ञा एका क्षयरोग्यानं रूढ केली. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार. १९३८ मध्ये तो ससेक्समधल्या मिडहर्स्टच्या सॅनिटोरियममध्ये पडून होता. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध यायला अजून काही वर्षं होती. उपचार म्हणजे विश्रांती, मोकळी हवा आणि महिनोन्महिने वाट बघणं. हिल अंथरुणात बसून समोर दिसेल ते काढायला लागला आणि मग इतर रुग्णांना, युद्धातून आलेल्या सैनिकांना शिकवायला लागला. १९४२ मध्ये त्यानं या कामाला आर्ट थेरपी म्हटलं. त्याचा भर चित्र काढण्यातच बरं वाटतं यावर होता.

अमेरिकेत साधारण त्याच काळात मार्गारेट नॉमबर्ग यांनी चित्राकडे मनोविश्लेषणाच्या बाजूनं पाहिलं. चित्र म्हणजे नेणिवेतून आलेला मजकूर, त्यावर बोलायचं. व्हिएन्नातून तिकडे गेलेल्या एडिथ क्रॅमर म्हणत की चित्र बनवण्याची प्रक्रियाच बरं करते, दर वेळी त्याचा उलगडा करायला नको. हा वाद आजही मिटलेला नाही आणि बहुतेक थेरपिस्ट दोन्हींमधलं थोडं थोडं घेतात. १९४६ मध्ये लंडनजवळच्या नेदर्न मनोरुग्णालयात एडवर्ड अॅडमसन नावाच्या चित्रकाराला नेमलं गेलं ते तिसऱ्याच कामासाठी. डॉक्टरांना रोगनिदानासाठी चित्रं हवी होती, म्हणून सगळ्यांना एकाच मापाचा कागद, तेच रंग, आणि अॅडमसननं काही सुचवायचं नाही अशी ताकीद. तो खरोखरच गप्प बसून राहिला, अनेक वर्षं. पण निदानासाठी आखलेला तो स्टुडिओ हळूहळू इस्पितळातली अशी एकमेव जागा झाला जिथे रुग्णाला कोणी काही करायला लावत नव्हतं. त्यातली सुमारे साडेपाच हजार कामं आज लंडनच्या वेलकम कलेक्शनकडे आहेत.

मला स्वतःला या सगळ्यांपेक्षा ब्राझीलची गोष्ट जास्त शिकवणारी वाटते. रिओ दि जानेरोच्या एंजेन्यो दे देंत्रो या उपनगरातल्या सरकारी मनोरुग्णालयात १९४४ मध्ये नीझी दा सिल्वेरा या डॉक्टर रुजू झाल्या. त्याआधी १९३६ मध्ये मार्क्सवादी पुस्तकं जवळ बाळगल्यावरून त्यांना तुरुंगात टाकलं होतं आणि सुटल्यावरही काही वर्षं सरकारी नोकरीचं दार बंद होतं. परत आल्या तोवर विजेचे झटके आणि लोबोटॉमी, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागातले जोड कापण्याची शस्त्रक्रिया, हे नवे, आधुनिक उपचार झाले होते. सहकारी डॉक्टरनं एका रुग्णाला झटका देऊन दाखवला आणि पुढच्या रुग्णाच्या वेळी बटण दाबायला यांना सांगितलं. यांनी नकार दिला. मग त्यांना कुठे ठेवायचं हा प्रश्न आला आणि कोणालाच नको असलेला 'व्यवसायोपचार' विभाग त्यांच्या गळ्यात पडला. तिथे व्यवसाय म्हणजे रुग्णांनी वॉर्ड झाडायचे आणि फरशी पुसायची. १९४६ मध्ये अल्मिर माव्हिन्येर या इस्पितळातच नोकरी करणाऱ्या तरुण चित्रकाराच्या मदतीनं त्यांनी त्या विभागात चित्रांचा स्टुडिओ उघडला.

तिथे येणाऱ्यांपैकी एक फर्नांदो दिनीझ. आई शिवणकाम करायची, आणि तिच्याबरोबर श्रीमंतांच्या घरांमध्ये त्याचं येणं-जाणं असायचं. तरुणपणीच तो इस्पितळात आला. स्टुडिओतल्या त्याच्या सुरुवातीच्या कागदांवर सगळ्या वस्तू एकमेकींवर रचल्यासारख्या, कुठे काय संपतं ते कळू नये अशा. पुढे एकेक वस्तू सुटी झाली. मग त्या वस्तू टेबलावर बसल्या, टेबलाखाली जमीन आली, जमिनीला भिंती आल्या, आणि शेवटी पडदे, गालिचा, पियानो असलेला अख्खा दिवाणखाना उभा राहिला. नीझींनी यातून वाचलं ते एवढंच, की ज्याचं भोवतालच्या जागेचं भान विस्कटलं होतं तो माणूस ती जागा कागदावर पुन्हा मांडतोय. यातलं कुठलंही एक चित्र उचलून पाहिलं तर असलं काही दिसणार नाही. तारखेनुसार लावलेली माळ पाहिली तरच दिसतं. म्हणून त्यांनी एकही कागद फेकू दिला नाही आणि १९५२ मध्ये इस्पितळाच्या आवारातच 'नेणिवेतल्या प्रतिमांचं संग्रहालय' उभं केलं. आज तिथे साडेतीन लाखांच्या वर कामं आहेत.

नीझींनी रुग्णांच्या वर्तुळाकार चित्रांचे फोटो १९५४ मध्ये स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांना पाठवले, पुढे १९५७ मध्ये झुरिकच्या मानसोपचार परिषदेत त्या चित्रांचं प्रदर्शन झालं, युंग ते बघायला आले. त्या चित्रांत युंग यांना आदिम प्रतिमा दिसत. तो त्यांचा चष्मा होता आणि तो सगळ्यांनी लावायलाच पाहिजे असं नाही. दिनीझच्या खोलीसाठी तर त्याची काही गरजही पडत नाही. त्याच स्टुडिओत शिल्पं घडवणाऱ्या एका रुग्णावर नीझींच्या विरोधाला न जुमानता लोबोटॉमी झाली. त्याची आधीची आणि नंतरची कामं शेजारी ठेवली की त्या शस्त्रक्रियेबद्दल वेगळं काही बोलावं लागत नाही.

आता आजचं चित्र. मनोरुग्णालयाच्या तातडीच्या वॉर्डात आर्ट थेरपीचा गट चालतो तेव्हा उद्या कोण घरी जाईल आणि कोण नवीन येईल याचा भरवसा नसतो. म्हणून प्रत्येक सत्र स्वतंत्र, त्याच दिवशी पूर्ण होईल असं आखतात. कात्र्या मोजून देतात आणि मोजून परत घेतात. कोणाला टेबलाशी बसवत नसेल तर तो दारात उभा राहून बघतो, तेही सहभागी होणंच मानलं जातं. कर्करोगाच्या वॉर्डात लहान मुलांना माणसाच्या शरीराची नुसती बाह्यरेषा देऊन कुठे काय दुखतं ते रंगवायला सांगतात. 'दुखतंय का' या प्रश्नाला घाबरून 'नाही' म्हणणारं मूल गुडघ्यावर लाल रंग गच्च भरतं, आणि नर्सला उपयोगी माहिती मिळते. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी-आजोबांबरोबर उद्देश आणखी साधा असतो. शब्द हरवत चालले तरी रंग निवडता येतो, आणि दिवसभरात स्वतः घेतलेला तो कदाचित एकच निर्णय असतो.

आघातग्रस्तांसोबतचं सगळ्यात गाजलेलं काम अमेरिकेत बेथेस्डा इथल्या लष्करी वैद्यकीय केंद्रातलं. युद्धावरून परतलेल्या, डोक्याला इजा झालेल्या आणि आघातोत्तर तणावानं त्रासलेल्या सैनिकांना तिथे कोरा मुखवटा देतात. काहींनी अर्धा चेहरा गणवेशातला आणि अर्धा सोललेला रंगवला, काहींनी ओठ शिवून टाकले, काहींनी कपाळातून तडा काढला. डॉक्टरांसमोर हाताची घडी घालून "ठीक आहे" एवढंच म्हणणारा सैनिक घरी बायकोला तो मुखवटा दाखवून "हे असं होतं" म्हणू शकतो. यामागचं मेंदूशास्त्र सांगताना एक वाक्य फार फिरवलं जातं. आघात आठवताना मेंदूतला बोलण्याचा भाग थंडावतो, म्हणून चित्र. या वाक्याचा मूळ आधार १९९६ चा आठ रुग्णांवरचा एक स्कॅन-अभ्यास आहे. गोष्ट खरी असेलही, पण आठ माणसांच्या पायावर एवढा मोठा इमला बांधू नये.

मग याचा उपयोग होतो असं पुराव्यानिशी म्हणता येतं का? इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण या क्षेत्रातले लोक हा भाग पटकन उरकतात. स्किझोफ्रेनियासाठीची आजवरची सर्वांत मोठी चाचणी ब्रिटनमध्ये झाली आणि २०१२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आली. ४१७ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत विभागणी. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर दर आठवड्याला आर्ट थेरपी, दुसऱ्याला नेहमीच्या उपचारांबरोबर खेळ, गप्पा, सिनेमा असा वेळ घालवण्याचा गट, तिसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. दोन वर्षांनी तपासलं तेव्हा रोजच्या जगण्यात किंवा लक्षणांत तिन्ही गटांमध्ये फरक सापडला नाही. थेरपीच्या बाजूनं लगेच खुलासे आले. आर्ट थेरपीत नाव पडलेल्या दहांपैकी जवळपास चार जण एकदाही फिरकले नाहीत, आणि ज्याला चित्र काढायची इच्छाच नाही त्याला चिठ्ठीनं तिथे पाठवणं हे प्रत्यक्षातल्या कामासारखं नाही. खुलाशात तथ्य आहे. पण निकाल तोच राहतो. स्किझोफ्रेनियाच्या प्रत्येक रुग्णाला सरसकट आर्ट थेरपीला बसवून काही साधत नाही. ज्याला ओढ आहे त्याच्यासाठी दार उघडं ठेवावं, इतपत म्हणता येतं. ब्रिटनच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक सूचनांतही या आजारात कलोपचाराचा 'विचार करावा' असं म्हटलंय, विशेषतः उदासीनता, एकलकोंडेपणा, भावना आटणं अशा लक्षणांसाठी.

दुसऱ्या बाजूला वर्तमानपत्रांना आवडणारे अभ्यास असतात. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटं मार्कर, माती आणि कात्रणं देऊन काहीही करायला सांगितलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांत ते उतरलेलं दिसलं, आणि पूर्वी कधी चित्रं काढली होती की नाही यानं फरक पडला नाही. छान आहे. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. ४५ मिनिटं फोन बाजूला ठेवून खिडकीशी बसवलं असतं तर किती उतरलं असतं ते या अभ्यासातून कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये कला आणि आरोग्य या विषयावरच्या ३००० हून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. चित्र एकंदर आशादायक दिसलं, मात्र त्यात संगीत, नृत्य, वाचन, संग्रहालयभेटी असं सगळंच होतं आणि अभ्यासांचा दर्जाही एकसारखा नव्हता. थोडक्यात, औषधं चालू असतील तर ती चालूच ठेवायची. "आर्ट थेरपी करा आणि गोळ्या बंद करा" असं कोणी सांगितलं तर तिथून उठून यावं.

दवाखान्याबाहेर हे काम वेगळं रूप घेतं. तिथे 'रुग्ण' हा शब्दच नसतो, निदान नसतं, कधीकधी थेरपिस्टही नसतो. १९४२ च्या डिसेंबरमध्ये नाझींनी फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकलेल्या चित्रकर्तीला चेकोस्लोव्हाकियातल्या टेरेझिनच्या छळछावणीत पाठवलं. तिनं तिथल्या मुलांचे चित्रांचे वर्ग घेतले, मिळेल त्या कागदावर, सरकारी फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूवर. प्रत्येक चित्रावर मुलाचं नाव लिहून घ्यायची. छावणीत माणसांचे नंबर झालेले असताना नाव लिहायला लावणं ही लहान गोष्ट नव्हती. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये तिला ऑशवित्झला नेऊन मारलं. मागे राहिलेल्या बॅगांमध्ये सुमारे साडेचार हजार चित्रं होती, ती आता प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. वर उल्लेख आलेल्या एडिथ क्रॅमर तिच्याच विद्यार्थिनी.

चिलीत १९७३ च्या लष्करी उठावानंतर हजारो माणसं उचलली गेली, कित्येक परत आली नाहीत. सान्तियागोमधल्या त्यांच्या आया, बायका, बहिणी चर्चच्या आश्रयानं एकत्र बसून तागाच्या कापडावर चिंध्यांची चित्रं शिवू लागल्या. आपल्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी शिवताना कुठला तुकडा कोणाचा ते घरातल्या बाईला पाठ असतं, तसंच इथे कधी कधी नाहीशा झालेल्या माणसाच्याच सदऱ्याचा तुकडा चित्रातल्या माणसाच्या अंगावर यायचा. बायका शोक करत होत्या, साक्ष नोंदवत होत्या, आणि ही कापडं परदेशात विकून घरही चालवत होत्या. याला उपचार म्हणायचं, राजकारण म्हणायचं की पोटापाण्याचा उद्योग? वस्तीपातळीवरच्या कामात ही सरमिसळ कायम असते आणि ती निस्तरायची गरज नसते. जिथे दुःखाचं कारण बाहेर आहे तिथे ते माणसाच्या डोक्यातला बिघाड म्हणून हाताळणं उलट अन्याय्य ठरतं.

आपल्याकडे पुण्यात बापू ट्रस्ट ही १९९९ मध्ये सुरू झालेली संस्था गरीब वस्त्यांमध्ये मानसिक आरोग्याचं काम करते आणि त्यात कलेवर आधारित पद्धतीही वापरते. वस्तीत काम करायचं म्हणजे कुलपाचं कपाट आणि पन्नास मिनिटांची शांतता विसरायची. खोलीत शेजारीण डोकावते, कडेवर मूल असतं, नळाला पाणी आलं की निम्मा गट उठून जातो. अशा ठिकाणी खासगी दुःख कागदावर काढायला लावणं धोक्याचं, कारण ते कागद सगळी गल्ली बघणार. म्हणून बहुतेकदा सगळ्यांनी मिळून एकच मोठं काम करतात. वस्तीचा नकाशा रंगवायचा, त्यात कुठे सुरक्षित वाटतं, कुठून संध्याकाळी जावंसं वाटत नाही हे दाखवायचं. बोलणं आपोआप सुरू होतं आणि कोणा एकीवर बोट येत नाही.

कॅनडातल्या माँट्रियलमध्ये २०१८ मध्ये डॉक्टरांनी रुग्णाला कलासंग्रहालयाची भेट लिहून देण्याची सोय सुरू झाली. ही चांगलीच कल्पना आहे, पण तिला थेरपी म्हणायचं कारण नाही. दिवाळीच्या किल्ल्यानं, रांगोळीनं, वारली चित्रांच्या शनिवारच्या वर्गानंही बरं वाटतं, आणि बरं वाटायला कोणाची परवानगी लागत नाही. थेरपी म्हणवून पैसे घेतले जातात तेव्हा मात्र काही जबाबदाऱ्या येतात.

ब्रिटनमध्ये १९९७ पासून आर्ट थेरपिस्टची सरकारी नोंदणी होते, नोंदणीशिवाय ती पदवी लावता येत नाही. भारतात २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिक कायद्याच्या परिशिष्टात कला आणि नृत्य थेरपिस्टचा उल्लेख आला आहे, पण दोन दिवसांची कार्यशाळा करून दारावर पाटी लावणाऱ्यांना अडवणारी व्यवस्था अजून रस्त्यावर दिसत नाही. तेव्हा विचारून घ्यायचं आपणच. शिक्षण कुठे आणि किती काळ झालं, त्यात प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचं काम होतं का. त्यांच्या कामावर कोणी ज्येष्ठ देखरेख ठेवतं का, कारण चांगला थेरपिस्ट कधीच एकटा काम करत नाही. सत्रात कोणी आत्महत्येचं बोललं तर पुढे काय करतात, कोणत्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. यावर उत्तर अडखळलं तर दुसरीकडे बघावं. मध्यरात्री गरज पडली तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

आणि चित्रं कोणाची, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावं. उपचार चालू असेपर्यंत ती साधारणपणे थेरपिस्टकडे जपून ठेवतात आणि शेवटी माणसाच्या हातात देतात, न्यायची की फाडायची हे त्यानं ठरवायचं. लेखी संमतीशिवाय ती ना प्रदर्शनात जावीत, ना इन्स्टाग्रामवर, नाव झाकून सुद्धा नाही. मुलांच्या बाबतीत पालकांना चित्र बघायचा मोह होतो, फी आपण भरलेली असते. तरी "आज काय काढलंस, दाखव" असं घरी येताना रिक्षात विचारू नये. या गुप्ततेला एक अपवाद कायद्यानंच केला आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं थेरपिस्टवर बंधनकारक आहे, आणि मुलाला समजेल अशा शब्दांत हे आधीच सांगून ठेवणारी थेरपिस्ट भेटली तर ती कामाची आहे असं समजायला हरकत नाही.